वारा शांत, तरी डाइव्ह रद्द का?

शिरूर-दौंडहून रात्रभर प्रवास करून तुम्ही मालवणला पोचता. सकाळी आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाहीच, तरी बोटवाला म्हणतो, "आज स्कूबा नाही." तो उगाच टाळतोय का? तसं नसावं.

आपल्याकडे चिंचणीला घोड धरणावर वारा सुटला की लाटा उठतात आणि वारा पडला की थोड्या वेळात विरतात. पाण्याचा पसारा लहान, म्हणून लाटाही आखूड. समुद्राचं वेगळं असतं. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला झालेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात. यालाच स्वेल म्हणतात. त्या दिवशीच्या इथल्या वाऱ्याशी त्याचा संबंध नसतो.

आता थोडं गणित. लाटेचा आवर्तकाळ सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि १.५६ ने गुणा. खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. लाटेची हालचाल साधारण निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंत जाणवते. स्थानिक वाऱ्याची ४ सेकंदांची लाट: लांबी २५ मीटर, परिणाम १२ मीटरपर्यंत. १४ सेकंदांचा स्वेल: लांबी ३०६ मीटर! मालवणच्या उथळ पाण्यात तो थेट तळ ढवळतो. गाळ उठतो, समोरचं दिसत नाही, पाणी डायव्हरला खडकांकडे ढकलतं आणि ओढतं.

म्हणून निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा अंदाज बघा: वाऱ्याचा वेग, लाटेची उंची आणि आवर्तकाळ, तिन्ही. संशोधनातही हेच लक्षात ठेवा. जे चल सहज मोजता येतं, तेच कारण असेल असं धरून चालू नका.