कमोडोर ६४ चें दूरध्वनीवरील दळणवळण आणि त्यांतून उतरलेल्या लेखांची पाठचिकित्सा

१९८२ सालच्या ऑगस्टांत कमोडोर ६४ नांवाचा घरगुती संगणक अमेरिकेंत ५९५ डॉलर किंमतीस विक्रीस आला, आणि १९९४ च्या एप्रिलांत तो तयार करणाऱ्या कंपनीचें दिवाळें निघालें. मधलें हें एक तप लक्षावधि कुटुंबांनीं तें यंत्र वापरलें. त्यांतील पुष्कळांनीं त्यास मोडेम जोडून घरच्या दूरध्वनीच्या तारेवरून परस्परांशीं लेखी संभाषण केलें. बातम्या दिल्या, वाद घातले, प्रोग्रॅम वांटले. घरोघर इंटरनेट येण्यापूर्वींचें हें सामान्य माणसांचें लेखन आहे, आणि त्याचा फार थोडा भाग उरला आहे. ज्या यजमान संगणकांवर तें साठविलें जाई त्यांवर जागा अपुरी असे. नवीं पत्रें घेण्यासाठीं जुनीं पुसावीं लागत. जें वांचलें तें बहुधा दूरच्या सभासदानें आपल्या फ्लॉपीवर उतरून घेतलेलें. मूळ दप्तर गेलें आणि परगांवची नक्कल मात्र राहिली, हा प्रकार जुन्या कागदपत्रांत वावरणाऱ्यांस नवा नाहीं. नकलेवर विश्वास ठेवण्यापूर्वीं नक्कल कोणत्या रीतीनें होत असे हें समजून घ्यावें लागतें. तेवढ्यापुरता या दळणवळणाचा विचार येथें केला आहे.

प्रथम तारेच्या अधिकाराविषयीं थोडें सांगतों. अमेरिकेंत दूरध्वनीची तार आणि तिच्या टोंकाचें यंत्र हीं दोन्हीं कंपनीचीं समजलीं जात, व त्यांस परकें उपकरण जोडण्यास मनाई असे. १९६८ सालीं कार्टरफोन प्रकरणांत तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें ती मनाई रद्द ठरविली. तरीहि थेट जोडणी लगेच मोकळी झाली नाहीं. म्हणून दूरध्वनीचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत बसवून त्यास संगणकाचा आवाज ऐकविण्याची युक्ति कांहीं वर्षें चालली. पुढील दशकाच्या उत्तरार्धांत नोंदलेलीं उपकरणें तारेस जोडण्याची मुभा मिळाली. १६ फेब्रुवारी १९७८ रोजीं शिकागो येथें वॉर्ड ख्रिस्तेन्सन व रँडी स्यूस यांनीं पहिली बुलेटिन बोर्ड सिस्टिम सुरू केली. तिला एकच तार. एका वेळीं एकानेंच बोलावें, इतरांनीं वाट पाहावी. १९८२ सालीं कमोडोर कंपनीनें सुमारें शंभर डॉलरांत ‘विकमोडेम’ बाजारांत आणला, तेव्हां ही सोय सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आली.

आतां जोडणीकडे वळूं. यंत्राच्या पाठीमागें ‘यूझर पोर्ट’ नांवाची २४ संपर्कांची पट्टी आहे. १२ वर व १२ खालीं. वरच्यांस १ ते १२ हे अंक आणि खालच्यांस ‘ए’ पासून ‘एन’ पर्यंतचीं अक्षरें दिलीं आहेत. त्यांत ‘जी’ व ‘आय’ हीं गाळलीं आहेत. हें ठाऊक नसतां मोजीत गेलें तर तार भलत्याच ठिकाणीं लागते. ‘एम’ वरून बिट बाहेर जातात. येणारे बिट मात्र एकट्या ‘सी’ वर देऊन भागत नाहीं. तीच तार ‘बी’ सहि जोडावी लागते. याचें कारण मनोरंजक आहे. ‘सी’ वरून बिटाचें मूल्य वाचावयाचें असतें. परंतु तो केव्हां येईल हें संगणकास माहीत नसतें, आणि तो तर दुसऱ्या कामांत गुंतलेला असतो. ‘बी’ हा द्वारपाळ होय. तारेवरची पातळी खालीं पडतांच तो हातांतलें काम थांबवावयास लावतो, आणि मग ‘सी’ वरील वाचन सुरू होतें. द्वारपाळ जोडला नाहीं तर यंत्र बोलेल, पण त्यास ऐकूं येणार नाहीं. जोडणी करून पाहणाऱ्यांस ही एकतर्फी स्थिति वारंवार चकविते.

या पोर्टावर ० व ५ व्होल्ट एवढ्याच पातळ्या चालतात. आरएस-२३२ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मानकांत उणे व अधिक असे बाराएक व्होल्टांपर्यंत विद्युद्दाब येतात, आणि त्यांचा अर्थहि उलटा असतो: विश्रांतीची स्थिति तेथें ऋण, येथें ५ व्होल्ट. म्हणून कमोडोरचे स्वतःचे मोडेम थेट बसतात, परंतु इतर कोणतेंहि उपकरण मॅक्स २३२ सारख्या परिवर्तक चिपेच्या द्वारेंच जोडलें पाहिजे. नाहीं तर आंतील सीआयए नांवाची चिप जळते. त्याच पट्टीवरील १० व ११ या संपर्कांवर ९ व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह खेळत असतो, त्यांना तर चुकूनहि स्पर्श होऊं देऊं नये.

दोन संगणकांत समाईक घड्याळ नसतें. म्हणून प्रत्येक अक्षरापूर्वीं एक आरंभ-बिट आणि नंतर एक विराम-बिट पाठवितात. मधले आठ धरून दहा होतात. सेकंदास ३०० बिट या गतीनें एक बिट ३⅓ सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या वेळांत या यंत्राच्या प्रोसेसरचे सुमारें ३,४०० ठोके पडतात, व ते मोजून प्रत्येक बिटाच्या मध्यावर वाचन करावयाचें असतें. हें सर्व काम येथें प्रोग्रॅमकडूनच होतें, स्वतंत्र चिप नाहीं. नैयायिक वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं तीन कारणें मानतात. पदें फार विलंबानें उच्चारलीं तर संनिधि जाते व बोध होत नाहीं. या यंत्राचा न्याय अधिक कठोर आहे, कारण बिट घाईनें आला तरीहि त्यास बोध होत नाहीं. म्हणूनच ३०० ची गति भरंवशाची, १२०० ची चालण्यासारखी. तक्त्यांत २४०० चा आंकडा दिलेला असला तरी त्यावर विसंबूं नये. ३०० च्या गतीनें सेकंदास ३० अक्षरें येतात. ४० रकाने व २५ ओळींचा पडदा भरण्यास तेहतीस सेकंद लागतात. वाचणाऱ्याचा डोळा अक्षरांच्या पुढें धांवे.

तारेवर बिट जात नाहींत, स्वर जातात. हांक मारणारा मोडेम १ साठीं १२७० व ० साठीं १०७० हर्ट्झचा स्वर काढी. उत्तर देणारा अनुक्रमें २२२५ व २०२५ चा. अशा रीतीनें दोघांचें बोलणें एकाच तारेवर एकाच वेळीं चाले. हे बेल १०३ पद्धतीचे आंकडे, युरोपांत व्ही.२१ या मानकाचे स्वर निराळे, त्यामुळें तिकडचा मोडेम इकडच्याशीं बोलत नसे. विकमोडेमला स्वतः क्रमांक फिरवितां येत नसे. माणसानें क्रमांक फिरवावा, पलीकडून उंच स्वर ऐकूं येतांच रिसीव्हरची तार उपटून मोडेमांत खोंचावी, असा विधि होता. पुढच्या १६५० क्रमांकाच्या मोडेमास क्रमांक फिरविण्याची विद्या आली. संभाषण चालू असतां घरांतील दुसऱ्या कोणी जोड-दूरध्वनि उचलला, किंवा दुसरी हांक आल्याची सूचना तारेवर वाजली, तर मध्येंच निरर्थक चिन्हांची रास पडद्यावर उमटे. जुन्या उतरलेल्या लेखांत अशी रास सांपडली तर तिचा अर्थ लावण्याचा यत्न करूं नये.

यंत्रास जी आज्ञा द्यावयाची ती बेसिक भाषेंतील ‘ओपन’ होय. तिच्यापुढें फाइलीचा क्रमांक, मग उपकरण क्रमांक २, व शेवटीं गति इत्यादि सांगणारा संकेतांक. ६ म्हटलें कीं ३०० ची गति, आठ बिट, एक विराम. ८ म्हटलें कीं १२०० ची. सात बिट हवे असल्यास ३२ मिळवावे. ही आज्ञा होतांच यंत्र २५६ बाइटांचीं दोन कोठारें, एक आवकेचें व एक जावकेचें, स्मृतीच्या वरच्या टोंकास राखून ठेवतें आणि तोंपर्यंत नोंदलेलीं सर्व चलें पुसून टाकतें. म्हणून प्रोग्रॅमांत ‘ओपन’ सर्वांच्या आधीं यावें.

आतां मुख्य विषय लिपीचा. बहुतेक संगणकांत अक्षरांस जे अंक दिले आहेत ते आस्की संकेताप्रमाणें: ६५ ते ९० हीं इंग्रजी मोठीं अक्षरें, ९७ ते १२२ लहान. कमोडोरचा स्वतःचा संकेत पेटस्की. त्यांत दोन्ही प्रकारचीं अक्षरें दाखविण्याच्या स्थितींत ६५ ते ९० लहान आणि १९३ ते २१८ मोठीं येतात. रूपांतराचें काम टर्मिनल प्रोग्रॅमनें करावयाचें. तें झालें नाहीं तर काय होतें, यावर लेखाची परीक्षा अवलंबून आहे. आस्की लेख कोरा कमोडोरवर आला तर लहान-मोठ्यांची अदलाबदल होते. ती सहज उलटवितां येते. कमोडोरचा लेख जसाच्या तसा आजच्या यंत्रावर आणला तर लहान अक्षरें मोठीं दिसतात, आणि मोठ्यांच्या जागीं लॅटिन-१ संकेतांतील स्वरचिन्हांकित अक्षरें उमटतात. अशी प्रत पाहून लेखक फ्रेंच किंवा पोर्तुगीज असावा असें अनुमान करणें हास्यास्पद होईल. पण तें अशक्य नाहीं. तिसरा प्रकार घातक. कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांस सात बिट व सम पॅरिटी लागे. अशा जोडणींतून पेटस्की लेख रूपांतराविना गेला तर आठवा बिट गळतो. १९३ तून १२८ वजा होऊन ६५ उरतात, आणि मोठें व लहान अक्षर एकरूप होतें. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उरत नाहीं तसाच हा प्रकार; मोडी वाचणारा तो भेद भाषाज्ञानानें भरून काढतो, तसें येथेंहि बव्हंशीं करतां येईल, परंतु तें संपादकाचें होईल, लेखकाचें नव्हे. लहानसहान खुणाहि उपयोगी पडतात. आस्कींतील तिरपी उलटी रेषा (९२) कमोडोरवर पौंडाचें चिन्ह होते, व तळरेषा (९५) डावीकडचा बाण. चाळीस अक्षरांवर तुटलेल्या ओळी कमोडोरवरील लेखनास दुजोरा देतात, पण एवढ्यावरून निर्णय करूं नये.

प्रोग्रॅमासारख्या फाइली एका अक्षराचीहि चूक सहन करीत नाहींत. त्यांसाठीं ख्रिस्तेन्सन यांनीं १९७७ सालीं एक्समोडेम ही पद्धति काढली. १२८ बाइटांचा एक खंड, त्यापूर्वीं आरंभखूण, खंडाचा क्रमांक व त्याचा २५५ पर्यंतचा पूरक, आणि शेवटीं सर्व बाइटांची बेरीज. २५६ च्या वरचें टाकून राहील ती. बेरीज जुळली तर पलीकडून ६ येतो, न जुळली तर २१, व तो खंड पुन्हां जातो. आपल्या पोथ्यांच्या अंतीं लेखक ग्रंथसंख्या देतात तिच्याच जातीची ही रक्षा. तिच्यांत एक दोष आहे: दोन बाइटांनीं जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. वेदपाठकांनीं क्रम व जटा या पाठांत शेजारच्या पदांची जोडी बांधून क्रमव्यत्ययासहि वाट ठेवली नाहीं. एक्समोडेमला तें बळ पुढें बेरजेच्या जागीं १६ बिटांची शेषपरीक्षा आल्यावर मिळालें. शिवाय शेवटचा खंड अपुरा असला तर तो २६ या अंकाच्या बाइटांनीं भरीत. फाइलीच्या टोंकाशीं तो अंक ओळीनें दिसला तर तें लेखकाचें नव्हे, वाहकाचें. कमोडोरच्या लोकांत स्टीव्ह पंटर यांची पद्धति अधिक रूढ होती. तिच्यांत हें भरताड नाहीं, व फाइलीचा प्रकारहि बरोबर जातो.

या जुन्या फ्लॉपींतील मजकूर आज बाहेर काढावयाचा तर त्यासाठीं आतां झूमफ्लॉपीसारखीं साधनें आहेत. १५४१ या तबकडीयंत्रास तें जोडून सबंध तबकडीची प्रत यूएसबीवाटे घेतां येते. संपूर्ण जतनास तोच मार्ग श्रेष्ठ. तें साधन जवळ नसेल तर मात्र संगणकाकडूनच पोर्टावाटे मजकूर पाठवून घ्यावा. तबकडीच्या एका बाजूवर वापरण्याजोगे ६६४ खंड, प्रत्येकीं २५४ बाइट. म्हणजे १,६८,६५६ बाइट. १२०० च्या गतीनें यांस साडेतेवीस मिनिटें लागतात, ३०० च्या गतीनें दीड तासाहून अधिक. तबकडी वाचीत असतांना हें यंत्र तारेवर नीट बोलूं शकत नाहीं. म्हणून थोडा भाग स्मृतींत वाचावा, तो पाठवावा, आणि ६७३ क्रमांकाच्या घरांतील शेवटचा बिट ० होईपर्यंत थांबून मग पुढचा वाचावा. घेणाऱ्या बाजूस अक्षरांवरून चालणारें प्रवाहनियंत्रण बंद ठेवावें. कारण पेटस्कींत १९ म्हणजे कर्सर पडद्याच्या आरंभीं नेणें, आणि आस्कीच्या व्यवहारांत १९ म्हणजे ‘थांबा’. चित्रमय लेखांत हा अंक वारंवार येतो, व तेथें पलीकडचें यंत्र अडतें किंवा तो बाइट गिळून टाकतें. रंग बदलणाऱ्या अंकांचेंहि तसेंच: ५ पांढरा, २८ तांबडा, ३० हिरवा, ३१ निळा. ते मजकुराचाच भाग आहेत, गाळूं नयेत.

सध्यां दूरध्वनीच्या तारेऐवजीं ईएसपी ८२६६ चिपेचा लहानसा मोडेमहि या पोर्टावर बसवितात. तो वायफायवरून चालतो, पण १९८१ सालच्या हेज स्मार्टमोडेमच्याच आज्ञा मानतो. ‘एटीडीटी’ म्हणून पुढें क्रमांकाऐवजीं यजमानाचें नांव लिहिलें कीं जोडणी होते. प्रत घेतांना प्रथम कोणतेंहि रूपांतर न करतां बाइट जसेच्या तसे उतरावे, व वाचण्यासाठीं आस्कींत फिरविलेली प्रत निराळ्या नांवानें ठेवावी. दोहोंच्या सोबत गति, बिटांची संख्या, पॅरिटी, आणि पाठविण्याची पद्धति एका कागदावर नोंदवावी.