गावरान अंड्याला गिऱ्हाईक आहे, तरी विक्री अवघड का?

महाराष्ट्रात रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी खाल्ली जातात आणि त्यातली सुमारे एक कोटी कमी पडतात, असे पशुसंवर्धन विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले होते. ही तूट कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून येणाऱ्या अंड्यांनी भरून निघते. मग तुमसर तालुक्यातल्या आंबागडसारख्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्याची अंडी तर हातोहात जात असतील, असा समज होणे साहजिक आहे.

मागणी खरीच आहे. गाडे अडते ते संख्येवर. पिंजऱ्यातली व्हाइट लेगहॉर्न वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. आपली गावरान कोंबडी 50 ते 70. चाळीस कोंबड्या धरल्या, तरी सरासरीने दिवसाला सहा-सात अंडी हाती लागतात. तीही रोज नाहीत. दहा-पंधरा अंडी घातली की कोंबडी खुडूक बसते, 21 दिवस उबवते, मग पिल्लांमागे फिरते. म्हणजे 30 अंड्यांचा एक ट्रे भरायला चार-पाच दिवस. तुमसरच्या दुकानदाराला किंवा ढाबेवाल्याला मात्र रोज सकाळी ट्रे हवा असतो. दोनदा माल आला नाही की तो पोल्ट्रीच्या अंड्यांकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. सहा अंडी घेऊन गाडी काढावी, तर मिळालेले पैसे पेट्रोलमध्येच जातात.

ऋतूंचाही मेळ बसत नाही. थंडीत अंड्यांना उठाव असतो, पण तेव्हाच दिवस लहान होतो. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो; डिसेंबरात आपल्याकडे तो 11 तासांच्या आत-बाहेर मिळतो. मोठ्या शेडमध्ये दिवे लावून ही कसर भरतात, अंगणातल्या खुराड्यात ते जमत नाही. दिवस मोठा झाल्यावर अंडी वाढतात, तोवर लोक ‘अंडं उष्ण पडतं’ म्हणून हात आखडता घेतात. उन्हाळ्यात बेताने अंडी खाल्ल्याने निरोगी माणसाला अपाय होतो, याला आधार नाही. पुढे श्रावण आणि नवरात्र असतेच.

‘मोकळी कोंबडी फुकटात पोसली जाते’ हा समज मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो, कारण त्यावरूनच भावात घासाघीस होते. किडे, वाळवी, धानाच्या बांध्यांतले सांडलेले दाणे ती टिपते हे खरे. पण नियमित अंडी हवी तर कनकी, कोंडा, वरून प्रथिने आणि कवचासाठी कॅल्शियम द्यावेच लागते. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस चुकली, तर अख्खे खुराडे रिकामे होऊ शकते. मुंगूस, घार, रानमांजर यांचा वाटा वेगळाच. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 पासून भाव सुचवते, पण ते पोल्ट्रीच्या अंड्यांचे. गावरान अंड्याचा भाव ज्याने त्याने बोलून मिळवायचा. शिवाय तेच अंडे उबवून वाढवलेला कोंबडा कितीतरी जास्त पैसे देतो, म्हणून अनेक घरांत अंडी विकण्याऐवजी कोंबडीखाली ठेवतात.

गिऱ्हाइकाचा गोंधळ रंगात आहे. तपकिरी कवच म्हणजे गावरान, असे नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो. बंद शेडमधल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी देतात, आणि गावरान अंडे फिकट, जवळजवळ पांढरेही निघते. कडकनाथचे अंडेसुद्धा काळे नसते. गर्द पिवळा बलक हिरवा पाला किंवा मका खाल्ल्याचा असतो. प्रथिनांत मोठा फरक नाही. मोकळ्या कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वे आणि चांगली मेदाम्ले जास्त असू शकतात, पण ती तिच्या खाण्यावर ठरतात.

उन्हाळ्यात गावरान अंडी लवकर खराब होतात, याचे कारण मात्र नीट समजून घ्यायला हवे. कोंबडा कळपात असला की अंडी फलित असतात. उबवणीला साधारण साडेसदतीस अंश लागतात. भंडाऱ्याचा मे महिना 44-45 पर्यंत जातो. टोपलीत ठेवलेल्या फलित अंड्यात गर्भ वाढू लागतो, मरतो आणि अंडे सडते. उपाय सोपा आहे. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागतच नाही. विक्रीच्या कोंबड्यांपासून तो फेब्रुवारीअखेर वेगळा करावा, कारण त्यानंतरही दोन-तीन आठवडे अंडी फलित येऊ शकतात. अंडी धुऊ नयेत. कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि जंतूंना वाट मिळते. माती कोरड्या फडक्याने पुसावी.

विक्रीसाठी दुकानापेक्षा ठरलेली घरे बरी. तुमसर आणि चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या वसाहतींत पगारदार कुटुंबे आहेत. गावातल्या पाच-सहा घरांनी अंडी एकत्र केली, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख टाकली आणि आठवड्यातला एक वार धरला, तर ट्रे भरतो आणि फेरीचा खर्च वाटला जातो. कोणत्या महिन्यात किती अंडी कमी येतील, हे त्या घरांना आधीच सांगून ठेवावे.