रामदऱ्याच्या काठी कॅमेरा आणि ईर्यासमिती

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर येथून डोंगरांच्या दिशेने वळले, की काही किलोमीटरवर रामदरा लागतो. डोंगरांच्या कुशीत तळे आणि पाण्याने वेढलेले शिवमंदिर. छायाचित्रकारांच्या सहलीसाठी पुण्याजवळ याहून सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. मंदिराचे अखंड प्रतिबिंब हवे असेल, तर वारा सुटण्यापूर्वी, भल्या पहाटे काठावर उभे राहावे लागते. त्यातही सर्वांना ओढ पावसाळ्याची, कारण तेव्हा उघडे डोंगर हिरवे होतात.

नेमक्या याच दिवसांत भूमीवर जीवोत्पत्ती विपुल होते, म्हणूनच साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. गृहस्थाला तसे बंधन नाही. परंतु चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याला विशेष उपयोगी; त्याची नजर भिंगात गुंतलेली असते आणि चौकट साधण्यासाठी तो न पाहता मागे सरकतो.

तळ्याकाठच्या उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. साधारण मार्च ते ऑगस्ट हा तिचा विणीचा काळ. घरटे म्हणजे खड्यांमधला उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची. पायाशी असूनही ती दिसत नाहीत. कडक उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. माणूस जवळ आला की ती उडते, कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. उडत्या पक्ष्याचे हे छायाचित्र देखणे येते खरे. पण तेवढा वेळ अंडी उघड्यावर, ऊन-पावसाच्या आणि कावळ्यांच्या हवाली असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. योगायोग असा, की उडते पक्षी टिपण्यासाठी फ्रान्सच्या मारे यांनी 1882 मध्ये बनवलेला कॅमेरा दिसायला हुबेहूब बंदूक होता.

टिटवीचा आवाज चढला, की आल्या पावली मागे फिरावे आणि दुरून टेलिलेन्सने मिळेल तेवढेच घ्यावे. तिपाई ठेवण्याआधी जागा पाहावी. फांद्या मोडू नयेत, ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यांना बोलावू नये, घरट्याची जागा समाजमाध्यमांवर सांगू नये. शिदोरी सूर्यास्तापूर्वी, काठापासून दूर सोडावी; खाखऱ्याचा चुरा सांडला तर मुंग्या जमण्याआधीच उचलून डब्यात भरावा.