गाणं सगळ्यांचं, शहारा आपला

चारशे मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. पापणी लवून पुन्हा उघडते, जेमतेम तेवढा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रमहान्सल यांनी लोकप्रिय गाण्यांचे एवढे एवढेसे तुकडे कापले आणि लोकांना ऐकवले. २०१० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तुकड्यात धड एक शब्द नाही, चाल कळावी इतके सूरही नाहीत. असलाच तर एखाद्या वाद्याचा रंग, गायकाच्या आवाजाचा एखादा कण. तरीही चारातल्या एकाहून अधिक वेळा ऐकणाऱ्यांनी गायकाचं नावही बरोबर सांगितलं आणि गाण्याचंही. जिथे नाव सुचलं नाही, तिथेही गाणं साधारण कुठल्या दशकातलं, आनंदाचं की उदास, याचा अंदाज पुष्कळांना येत होता.

रेडिओच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागणार नाही. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ती धून आठवा. तंबोऱ्यावर व्हायोलिनचा पहिला सूर लागतो न लागतो, तोच कुणाला बंबातल्या जळणाचा धूर आठवतो, कुणाला शाळेची घाई, कुणाला दाढी करत बातम्यांची वाट पाहणारे वडील. ही धून बांधल्याचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. मध्य युरोपातल्या कार्ल्सबाडमध्ये जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आले आणि पुढे इथल्या रेडिओवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. दूरच्या देशातून आलेल्या एका माणसाने काही सेकंदांची सुरावट बांधली आणि तिच्यात लाखो घरांच्या सकाळी जाऊन बसल्या. त्यातली एकही सकाळ त्याने रचलेली नव्हती.

मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. कानावर पडणारा आवाज सगळ्यांना सारखा. त्यातून उघडतं ते मात्र ज्याचं त्याचं.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी २००१ साली याच जागेवर बोट ठेवलं. संगीत ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत काय घडतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी माणसं निवडली आणि ज्याने हमखास शहारा येतो असं आपापलं संगीत घेऊन यायला सांगितलं. प्रयोग म्हटला की तुलना लागते. म्हणजे ज्याने काहीच होत नाही, असंही संगीत हवं. ते त्यांनी वेगळं शोधलं नाही. एकाचं जीव की प्राण असलेलं संगीत त्यांनी दुसऱ्याला ऐकवलं! तेच स्वर, तीच वाद्यं, तेवढाच वेळ. एकाच्या मेंदूत भूक, प्रीती, सुख यांच्याशी निगडित खोलवरचे भाग जागे होत होते, नाडी जलद होत होती. दुसरा शांत बसून ऐकत होता. हा प्रयोग वाचल्यापासून, एखादं गाणं 'मुळातच' हृदयाला भिडणारं आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भिडण्यातला निम्मा भाग तरी ऐकणाऱ्याकडचा असतो.

दहा वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत व्हॅलोरी सलिमपूर यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. शहारा येताना डोपामिन हे रसायन स्रवतं, एवढंच त्यांनी दाखवलं नाही. ते दोन वेळा, मेंदूच्या दोन वेगळ्या जागी स्रवतं, असं त्यांना दिसलं. एकदा प्रत्यक्ष त्या उत्कट क्षणी. आणि त्याच्याही आधी, तो क्षण आता येणार हे कळत असताना.

हे दुसरं वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही मैफलीतला श्रोता डोळ्यांसमोर येतो. तबलजी तिहाई घेतो, गायक आवर्तनाच्या शेवटाकडे येऊ लागतो आणि समोरच्या रांगेतल्या माणसाचा हात हळूहळू वर जायला लागतो. सम अजून यायची आहे. पण त्याचं सुख तर सुरू झालं आहे. समेवर जी 'वाहवा' उमटते ती त्या चार-पाच मात्रांत साठत आलेली असते. आवडतं गाणं शंभराव्यांदा ऐकूनही शिळं का होत नाही, याचं निदान एक कारण इथे सापडतं. पुढे काय येणार हे ठाऊक असणं म्हणजे उत्सुकता संपणं नव्हे, वाट पाहायला नेमकी जागा मिळणं. ज्यांना ती जागा माहीत नाही, त्यांना ती वाटही पाहता येत नाही.

माझ्या एका आवडत्या भावगीतात दुसऱ्या कडव्याआधी व्हायोलिनचा एक तुकडा आहे. तो आला की मला रॉकेलचा वास येतो. गाणं चांदण्याचं आहे, प्रेमाचं आहे. रॉकेलचा तिथे काय संबंध? पण ते गाणं पहिल्यांदा मनात शिरलं तेव्हा गावातली वीज गेलेली होती, आई कंदिलाची काच पुसत होती आणि शेजारच्यांचा ट्रान्झिस्टर चालू होता. कवीने लिहिलेलं चांदणं आणि आईच्या हातातली काजळलेली काच माझ्या मेंदूने एकाच गाठीत बांधून ठेवली. आज ती सोडवता येत नाही आणि सोडवावी असं वाटतही नाही.

ही गाठ कुठे पडते, याचा माग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पीटर जनाटा यांनी घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी तेरा विद्यार्थ्यांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि ते आठ ते अठरा वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे ऐकवले. प्रत्येकाला तीस तुकडे. त्यातले सरासरी सतरा ओळखीचे निघाले आणि सुमारे तेरांशी स्वतःच्या आयुष्यातली एखादी आठवण कमी-अधिक घट्ट जुळलेली निघाली. अशा गाण्यांना कपाळामागचा, मेंदूच्या मधल्या रेषेलगतचा भाग विशेष साथ देत होता. आपण स्वतःविषयी विचार करतो तेव्हा कामाला लागणारा हा भाग. गाण्यातले स्वर पुढे सरकत, त्यांचा रंग बदलत, तसतशी इथली हालचालही बदलत होती. म्हणजे जिथे 'मी कोण' याचा हिशेब चालतो, तिथेच गाण्याच्या चालीचाही पाठलाग चाललेला!

कुठल्या वयातली गाणी अशी चिकटतात? साधारण दहा ते तीस या वर्षांतल्या आठवणी म्हातारपणीही इतर काळापेक्षा दाट असतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलेलं आहे. गाण्यांच्या बाबतीत या काळाचा पूर्वार्ध जास्त जोरकस. त्या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी खूप असतात, एकच गाणं परत परत ऐकण्याइतका वेळ असतो आणि आपण नेमके कोण हे ठरायचं असतं. दूध कोमट असतानाच विरजण नीट लागतं, तसं काहीसं.

पण क्रमहान्सल यांच्याच २०१३च्या आणखी एका अभ्यासाने या चित्रात एक अनपेक्षित रेघ ओढली. विशीतल्या मुलांना त्यांनी १९५५पासून पुढच्या पाच दशकांहून अधिक काळातली गाजलेली गाणी ऐकवली. मुलं स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी जोडलेली असणारच. पण आई-वडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही त्यांचं नातं ठळक निघालं. आणि त्याही मागे, साठच्या दशकाशी, आणखी एक उंचवटा दिसला. तो आजी-आजोबांकडून झिरपला असावा, असा एक अंदाज. स्वतःच्या जन्माआधीच्या गाण्याचा जिव्हाळा वारशाने आल्यासारखा.

आपल्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या सकाळी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक गाणं, वर्षभर. बावन्न पुरली असती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं छप्पन्न झाली. (पंचांगामुळे आपल्याला चार गाणी जास्त मिळाली, याचा मला फार आनंद वाटतो.) तेव्हा रेडिओ मोजक्या घरांत. पण ज्यांनी ते शेजारच्या ओसरीवर बसून ऐकलं, त्यांच्या नातवंडांनाही आज त्यातली गीतं येतात. नातवाने ती रामासाठी पाठ केलेली नसतात. आजी निवडणं-टिपणं करताना ती गुणगुणायची, म्हणून ती त्याच्यात आलेली असतात. त्याच्यासाठी त्या गीतात अयोध्या आहे, तसं सूपही आहे.

आणि आकाशवाणीवरचा 'आपली आवड'! फर्माईश पाठवणारे नुसतं गाण्याचं नाव लिहीत नसत. खाली नावांची रांग असे. आई, बाबा, ताई, मामा, शेजारची दोन पोरं, गाव, तालुका. निवेदक ती सगळी नावं वाचायचे आणि मग गाणं लागायचं. लहानपणी मला प्रश्न पडे की एवढ्या नावांत वेळ का घालवतात. आता वाटतं, कार्यक्रमाचा गाभा तीच यादी होती. तीन मिनिटांच्या सार्वजनिक गाण्याला लोक आपलं अख्खं घर जोडून देत होते.

आवडत्या गाण्याचं किती बारीक टिपण आपल्याकडे असतं, हेही थक्क करणारं आहे. डॅनियल लेव्हिटिन यांनी सेहेचाळीस विद्यार्थ्यांना आपलं आवडतं लोकप्रिय गाणं मनात आणून म्हणायला सांगितलं. समोर पेटी नाही, सूर द्यायला कुणी नाही. संगीत शिकलेलेच निवडले होते, असंही नाही. तरी दोन प्रयत्नांपैकी एकात तरी मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी नेमकी पकडणारे चाळीस टक्के निघाले. १९९४ सालचा हा निष्कर्ष. पुढे त्यांनीच लय मोजली, तर बहात्तर टक्के वेळा ती मूळ लयीच्या आठ टक्क्यांच्या आत होती. काळी चार म्हणजे काय हे ज्यांना सांगता येणार नाही, त्यांच्याही मनात गाणं आपल्या मूळ सुरात वाजत असतं.

जात्यावरची ओवी या सगळ्याच्याही पलीकडे जाते. तिथे गाणं ऐकून आपलंसं करायचं नाही. चाल सगळ्यांची, पण बाई त्यात स्वतःचा भाऊ, स्वतःचं माहेर, स्वतःचा सासुरवास घालते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पहाटेच्या अंधारात, पीठ पडत असताना, बायका एवढं बोलल्या होत्या! खेड्यातल्या कितीतरी आज्या सांगतात की नुसतं बसून ओवी आठवत नाही. हातात खुंटा आला, जातं फिरलं, की एकामागून एक येत राहते.

लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली जे दाखवलं ते वाचताना मला या आज्याच दिसत होत्या. फार दिवसांपासून ओळखीची असलेली गाणी ऐकताना मेंदूचा कुठला भाग काम करतो, हे त्यांनी आधी निरोगी तरुणांत पाहिलं. मग अल्झायमर झालेल्या रुग्णांत तोच भाग तपासला. बाकीच्या मेंदूच्या मानाने तो बराच कमी झिजलेला होता. या भागातला एक तुकडा हालचालींची आखणी करणाऱ्या जागेत मोडतो. ओवी जात्यावाचून का आठवत नाही, याचं उत्तर यात पूर्ण सापडतं असा माझा दावा नाही. पण गाणं हाता-ओठांच्या तयारीशी इतकं लगटून राहतं, हे कळल्यावर त्या आज्यांचं सांगणं अगदी खरं वाटू लागतं. मुलाचं नाव विसरलेली बाई आरती मात्र शेवटपर्यंत म्हणते, टाळी ठेक्यात वाजवते. ते पाहणाऱ्या घरच्यांना काय वाटत असेल, हे लिहायला शब्द अपुरे पडतात.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गाण्यांची यादी आज करून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. ती त्यांनाच विचारून करावी, आपल्या अंदाजाने नको. माँट्रियलच्या प्रयोगात एकाचं लाडकं संगीत दुसऱ्याला नुसतंच संगीत होतं, आणि आई-मुलीतही तेवढं अंतर असू शकतं. आजीचा जन्म १९४५चा असेल तर १९५५ ते १९७०मधली गाणी आधी काढावीत. नाट्यपदं, भावगीतं, सिनेमातली गाणी, शाळेतली प्रार्थना, भोंडल्याची गाणी, भजनी मंडळातला एखादा अभंग. प्रत्येकापुढे ते कुठे ऐकलं आणि सोबत कोण होतं, हेही लिहून घ्यावं. आणि लावताना तिने ऐकलेलं मूळ ध्वनिमुद्रणच शोधावं, नव्या वाद्यमेळातलं चकचकीत रूप नको. पट्टी किंवा लय जराशी हलली, तरी तिला ते कळेल.