नव्या संस्था घडवताना : तंजावरचा धडा

भोसल्यांची राजधानी म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेले तंजावर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार आहे. कृषी संस्थांच्या रचनेचा एक मोठा प्रयोगही येथे झाला. अन्नटंचाईच्या काळात, फोर्ड प्रतिष्ठानच्या १९५९ मधील अहवालानंतर, देशातील निवडक सात जिल्ह्यांत १९६०-६१ पासून सघन कृषी जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तंजावर त्यांपैकी एक होता. पुढे महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्याचाही त्यात समावेश झाला.

बियाणे, खते, पीकसंरक्षण, माती परीक्षण, सहकारी कर्ज आणि विस्तार सल्ला एकाच यंत्रणेतून, शेतकऱ्याच्या उत्पादन आराखड्यानुसार मिळावा, ही या कार्यक्रमाची मूळ कल्पना होती. आडुतुरै येथील संशोधन केंद्राच्या 'एडीटी २७' या अल्प मुदतीच्या वाणाने कुरुवै हंगामात तिला बळ दिले.

मात्र दोन प्रश्न या रचनेबाहेर राहिले.

पहिला प्रश्न ओल्या भाताचा. कुरुवैची कापणी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. धान्य भिजते आणि त्याला कोंब फुटतात. यावर उपाय शोधण्यासाठी १९६७ मध्ये तिरुवारूर येथे सहकारी संघाच्या आधुनिक भातगिरणीत एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. ओले भात मीठ मिसळून टिकवण्याचे तंत्र हे तिचे आरंभीचे काम. हीच प्रयोगशाळा विस्तारत जाऊन आज तंजावर येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था झाली असून, २०२१ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा लाभला आहे.

दुसरा प्रश्न माणसांचा. तोंडी करारावर जमीन कसणाऱ्या कुळांना कर्ज मिळणे कठीण होते आणि वाढीव उत्पन्नातील मजुरांचा वाटा ठरवणारी व्यवस्था कार्यक्रमात नव्हती. मजुरीचा संघर्ष जुनाच होता. तो चिघळत गेला. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. या अमानुष कृत्याचा दोष कृषी कार्यक्रमावर टाकता येणार नाही. परंतु उत्पादनवाढीची यंत्रणा उभारली म्हणजे न्याय्य वाटपाची व्यवस्था आपोआप होत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था किंवा अवजार बँक स्थापन करताना विस्तार कार्यकर्त्यांनी तीन बाबी आधी तपासाव्यात. संस्था कोणत्या नेमक्या अडचणीसाठी उभी राहत आहे? सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्यांना आणि शेतमजुरांना तिच्या निर्णयात स्थान आहे काय? नवी अडचण उद्भवल्यास ती हाती घेण्याची मुभा नियमांत आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नोंदणीपूर्वी गावाच्या बैठकीत ठरवून उपविधींत लिहून ठेवणे हिताचे ठरेल.