समुपदेशन : आठवड्याला एक तास की सलग तीन-चार दिवस?



गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास द्यावे लागते, हे आपणांस सांगायला नको. ती पाळी चुकली तर मागाहून कितीही पाणी दिले तरी फुटवे भरून येत नाहीत. मनाच्या उपचाराचेही असेच आहे. त्यालाही पाळ्या असतात आणि त्या चुकल्या की उपचार वाया जातो.

समुपदेशकाकडे साधारणपणे आठवड्यातून एकदा पाऊण ते एक तास बसायचे असते. शहरातल्या नोकरदाराला हे जमते. पण कुक्षी-मनावरहून किंवा खातेगाव-कन्नोदहून इंदूर गाठून परत यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पहिल्या आठवड्यात माणूस जातो. दुसऱ्या आठवड्यात सोयाबीनची फवारणी येते, तिसऱ्यात पाऊस येतो आणि चौथ्यात लाज वाटून तो जातच नाही. दुखणे मात्र घरातच राहते.

म्हणून काही खाजगी समुपदेशक आता सलग सत्रे देतात. रोज दोन-तीन तास, मध्ये विश्रांती, असे तीन-चार दिवस किंवा एक आठवडा. हा प्रकार काय आहे, तो कोणाला उपयोगी आणि कोणाला नाही, हे आपण समजून घेऊ.

याला आधार काय?

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1989 साली दाखवून दिले, की साप, उंची, इंजेक्शन अशा एखाद्याच गोष्टीची तीव्र भीती असेल तर सुमारे तीन तासांच्या एकाच बैठकीतही पुष्कळ लोक बरे होतात. अपघात किंवा हल्ल्याचा धसका मनातून न गेलेल्या 121 रुग्णांचा अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आणि 2014 साली प्रसिद्ध झाला. सात दिवसांत सलग उपचार घेतलेल्यांपैकी 73 टक्के या आजारातून बाहेर आले. तोच उपचार तीन महिने दर आठवड्याला घेतलेल्यांत हे प्रमाण 77 टक्के होते, तर नुसता धीर देणाऱ्या समुपदेशनाने 43 टक्के होते. सलग उपचाराचा गुण लवकर आला, एवढाच पहिल्या दोहोंतला मुख्य फरक.

यातून दोन गोष्टी कळतात. ज्याला दर आठवड्याला जाणे जमत नाही त्याने सलग दिवस घेतले तर त्याचे नुकसान नाही. आणि तास किती यापेक्षा त्या तासांत काय केले जाते याला महत्त्व आहे. नुसती सहानुभूती म्हणजे उपचार नव्हे.

सलग सत्रे कोणासाठी नाहीत?

हे नीट लक्षात ठेवावे. अनेक वर्षे रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर हात कापतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे, समुपदेशन मागाहून. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो दिवसचे दिवस झोपत नाही, किंवा ज्याने नुकताच जीव देण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाही आधी मानसोपचार डॉक्टरकडेच न्यावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार मिळायचे आहेत.

साधी उदासीनता असेल तर सलग दिवसांची गरजही नसते. गोव्यात 'संगथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन करून पाहिले. तीन महिन्यांनी या बैठका घेतलेल्यांपैकी 64 टक्के उदासीनतेतून बाहेर आले होते, इतरांत 39 टक्के. बैठकांतला मुख्य भाग म्हणजे बंद पडलेली कामे, गाठीभेटी, छोटे आनंद एकेक करून पुन्हा सुरू करणे. आपल्या देवासला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हेच शिकवण्याचे काम याच संस्थेने केले आहे.

पैसे देण्यापूर्वी काय विचारावे?

समुपदेशकाची पाटी कोणीही लावलेली असू शकते. म्हणून शिक्षण विचारावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक विचारण्यात अपमान नाही. गोळ्या मात्र डॉक्टरच देऊ शकतो.

सलग दिवस ठरवण्याआधी एक स्वतंत्र भेट घेऊन आजाराची पूर्ण चौकशी झालीच पाहिजे. फी किती, मध्येच थांबलो तर पैशाचे काय, रात्री त्रास वाढला तर फोन कोणाला करायचा, नंतरच्या भेटी किती, हे सारे कागदावर घ्यावे. नंतर निदान दोन-तीन भेटी नसतील तर असे सत्र घेऊ नये. बी टाकून शेताकडे पाठ फिरवण्यासारखेच ते आहे.

गुप्ततेविषयीही विचारावे. पापनिवेदनाची गुप्तता कशानेही मोडत नाही. समुपदेशकाची गुप्तता मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा मोडू शकते, आणि तसे त्याने आधीच सांगितले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामातल्या ज्या मुलामुलींनी हे शिक्षण घेऊन स्वतःची खोली उघडली आहे, त्यांनाही आमची विनंती आहे. गव्हाची काढणी झाल्यापासून मृगापर्यंत शेतकऱ्याला थोडी उसंत असते. सलग सत्रे तेव्हा ठेवा. दिवसभर बोलून थकलेल्या माणसाला संध्याकाळी एकट्याने मोटारसायकलवर परत पाठवू नका, बरोबर कोणीतरी आणायला सांगा.

घरी आजच करण्यासारखे

घरात कोणी गप्प झाला असेल, जेवण-झोप सुटली असेल, 'माझ्यामागे कसे होईल' असे बोलत असेल, तर कीटकनाशकाचे डबे आजच घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक 2022 पासून चालू आहे. तो रात्रंदिवस आणि विनामूल्य आहे.

कर्ज एका बैठकीत फिटत नाही आणि पडलेला भावही समुपदेशक वाढवू शकत नाही. पण कर्ज फेडायला माणूस जिवंत आणि भानावर असावा लागतो. त्याच्यासाठी चार दिवस शेत शेजाऱ्याने पाहिले तर तेही औषधच होय.