आधी नोटपॅडला दाखवा, मग कंपनीला

इंदूरच्या माझ्या भाचीनं उन्हाळ्यात चाळीसेक ठिकाणी ऑनलाइन अर्ज केले. बी.कॉम. झालेली, टॅली येतं, एका सीएंकडे दोन वर्षं जीएसटीचं काम केलेलं. तरी एकही फोन नाही. ‘इंग्रजी कच्चं पडत असेल’, असं घरात बोललं जाऊ लागलं आणि हळूहळू तिलाही ते पटायला लागलं.

एका संध्याकाळी तिला म्हटलं, “सीव्हीची फाइल उघड. सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर.” नोटपॅड कोरंच राहिलं! तिनं तो सुंदर, रंगीत सीव्ही चित्र म्हणून सेव्ह करून त्याची पीडीएफ केली होती. आपल्याला अक्षरं दिसत होती, पण फाइलमध्ये मजकूर नव्हताच.

बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी ‘एटीएस’ या सॉफ्टवेअरकडे जातो. ते सीव्हीतून नाव, फोन, शिक्षण, अनुभव वेगळं काढतं. मग एचआरची माणसं ‘टॅली’, ‘जीएसटी’ असे शब्द टाकून उमेदवार शोधतात. शब्दच सापडला नाही, तर तुमचं नाव यादीत मागे पडतं किंवा येतच नाही.

म्हणून एवढं सांभाळा:

• सीव्ही एकाच कॉलममध्ये, साध्या फॉन्टमध्ये लिहा. तक्ते, टेक्स्ट बॉक्स आणि कौशल्याचे ‘स्टार’ टाळा. फोन नंबर हेडरमध्ये नको, मुख्य मजकुरात द्या.

• जाहिरात नीट वाचा. तिथे ‘जीएसटी रिटर्न फाइलिंग’ लिहिलं असेल आणि ते काम तुम्ही केलं असेल, तर तेच शब्द वापरा. नुसतं ‘अकाउंट्सचं काम’ पुरत नाही. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही द्या.

• फॉर्ममधले अनुभव, नोटीस पिरियड, शहर हे प्रश्न घाईत भरू नका. काही ठिकाणी तेवढ्यावरच अर्ज आपोआप बाद होतो.

• पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती करू नका. सॉफ्टवेअरनं काढलेला मजकूर एचआरला दिसतो आणि विश्वास जातो.

भाचीनं दोन पानी रंगीत सीव्ही मोडून एक पानी साधा केला. महिन्याभरात दोन फोन आले. पहिल्या मुलाखतीत जमलं नाही. दुसऱ्या वेळी ती इंग्रजीत दोनदा अडखळली, पण रिटर्नबद्दल विचारलेलं सगळं तिला येत होतं. आता ती तिथेच काम करते.

तुमच्या घरात कुणी अर्ज करून थकलं असेल, तर त्याच्यात काय कमी आहे हे शोधण्याआधी त्याची फाइल एकदा नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा.